डोस कुणाच्या नावावर?

अणुऊर्जा प्रकल्पात काम करणाऱ्या माणसाच्या छातीवर एक छोटा बॅज असतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. आत एका पट्टीवर कॅल्शियम सल्फेटपासून बनवलेल्या तीन चकत्या बसवलेल्या असतात. किरणोत्सर्ग पडला की त्याची थोडी ऊर्जा या चकत्यांत अडकून राहते. ठरावीक काळाने बॅज प्रयोगशाळेत जातो, चकत्या तापवल्या जातात आणि अडकलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त, तितका डोस जास्त. भाभा अणुसंशोधन केंद्राने हा बॅज देशातच विकसित केला आणि १९७५ पासून जुन्या फोटोफिल्मच्या बॅजची जागा तो घेऊ लागला.

या बॅजची गंमत अशी, की एकदा तापवून वाचला की तो कोरा होतो. पुन्हा वापरता येतो, दुसऱ्या कुणाच्या छातीवरही लावता येतो. मागे उरतो तो रजिस्टरमधला एक आकडा. अमुक माणूस, अमुक महिने, इतके मिलिसिव्हर्ट.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला तर आम्ही सगळ्यात आधी लॉग उघडतो. लॉग असेल तर कारण सापडतं. नसेल तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. किरणोत्सर्गामुळे होणारा कर्करोग म्हणजे आज चूक घडावी आणि वीस वर्षांनी सर्व्हर पडावा, असा प्रकार आहे. तेवढ्या काळात माणूस नोकरी सोडतो, गाव बदलतो, कंत्राटदाराचं ऑफिस बंद होतं. म्हणून अणुकामगारांच्या आरोग्याचा इतिहास मी नोंदींचा इतिहास म्हणून वाचते. कुणाचा डोस मोजला, कुणी तो जपून ठेवला, आणि कुणाचं नाव वहीत टिकलंच नाही?

तारापूरच्या नळ्या

भारतातली पहिली अणुभट्टी, अप्सरा, ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला सुरू झाली. ती संशोधनासाठी होती. विजेसाठीची पहिली अणुभट्टी आली तारापूरला, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात. १९६३ साली भारत-अमेरिका करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळालं आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन अणुभट्ट्या रीतसर वीज देऊ लागल्या. त्या पाहायला होमी भाभा राहिले नव्हते. १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता.

तारापूरच्या या दोन भट्ट्या 'उकळत्या पाण्याच्या' प्रकारातल्या. इंधनाला लागून असलेलं पाणीच उकळतं आणि त्याचीच वाफ टर्बाइनपर्यंत जाते. नंतर भारताने बहुतेक ठिकाणी जड पाण्याच्या भट्ट्या उभारल्या, त्यात इंधनाजवळचं पाणी वेगळं आणि टर्बाइनकडे जाणारी वाफ वेगळी. उकळत्या पाण्याच्या रचनेत किरणोत्सारी द्रव्यं जास्त ठिकाणी पोचू शकतात. त्यात तारापूरचं इंधन सुरुवातीच्या वर्षांत दगा देत होतं. इंधन ज्या नळ्यांत भरलेलं असतं त्यांना बारीक छिद्रं पडली की आतली द्रव्यं पाण्यात मिसळतात. पुढे दुय्यम वाफ तयार करणाऱ्या यंत्रांच्या नळ्याही गळू लागल्या. ती यंत्रं बाजूला काढावी लागली आणि प्रत्येक भट्टीची क्षमता २१० मेगावॉटवरून १६० वर आणावी लागली.

वीज कमी झाली, ती बातमी झाली. त्या नळ्या, ते व्हॉल्व्ह, ते पंप दुरुस्त कोण करत होतं, हा प्रश्न मागे राहिला.

भट्टी बंद केली तरी पाइपातला किरणोत्सर्ग बंद होत नाही. व्हॉल्व्हसारख्या भागांत वापरलेल्या कठीण मिश्रधातूंमध्ये कोबाल्ट असतं. घासून त्याचे कण पाण्यात जातात, भट्टीच्या पोटात न्यूट्रॉनचा मारा खाऊन कोबाल्ट-६० बनतात आणि पाइपांच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. कोबाल्ट-६० निम्मं व्हायला सव्वापाच वर्षं लागतात. दुरुस्तीला आलेला फिटर पाना घेऊन त्या पाइपापाशी उभा राहतो, तेव्हा पाइप थंड असतो, कोरडा असतो, वास नसतो, आवाज नसतो. डोस मात्र चालू असतो.

१९७८ साली पत्रकार प्रफुल्ल बिडवई यांनी 'बिझनेस इंडिया'मध्ये भारताच्या अणुवीज कार्यक्रमावर सविस्तर टीका केली. तारापूरच्या कामगारांचा प्रश्न त्यानंतर वर्तमानपत्रांत आणि अणुविरोधी चळवळीत पुन:पुन्हा येत राहिला. तेव्हा देशात स्वतंत्र म्हणावं असं नियामक मंडळही नव्हतं. अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे तारापूर सुरू झाल्यावर चौदा वर्षांनी.

डोस वाटून घेणं

इथे थोडं गणित करू. अवघड नाही.

किरणोत्सर्गाचा माणसावरचा परिणाम सिव्हर्टमध्ये मोजतात, रोजच्या व्यवहारात मिलिसिव्हर्टमध्ये. निसर्गातून आपल्याला दरवर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिळतात. अणुकामगारासाठी भारतात आज मर्यादा अशी आहे : पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. आधी हीच मर्यादा वर्षाला ५० होती. जगभर ती खाली आली १९९० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनंतर.

आता समजा, एका खोलीत तासाला १० मिलिसिव्हर्ट डोस आहे आणि व्हॉल्व्ह बदलायचं काम ३० तासांचं आहे. एकाच माणसाने केलं तर त्याला ३०० मिलिसिव्हर्ट मिळतील. हे बेकायदा. मग १५ माणसं आणा, प्रत्येकी दोन तास, प्रत्येकी २० मिलिसिव्हर्ट. सगळे मर्यादेत. ३० माणसं आणली तर प्रत्येकी १०. कागद आणखी छान दिसतो.

पण एकूण डोस किती? तिन्ही वेळा ३००च. किरणोत्सर्ग संरक्षणाचं आजचं शास्त्र असं मानून चालतं, की डोस आणि कर्करोगाची शक्यता सरळ रेषेत वाढतात आणि शून्याच्या वर कुठेही 'इथपर्यंत काहीच होत नाही' अशी पक्की पायरी नाही. तसं असेल तर डोस वाटल्याने प्रत्येकाचा धोका कमी होतो, पण एकूण धोका तेवढाच राहतो. तो जास्त माणसांत विरतो.

ही माणसं आणायची कुठून? प्रकल्पाचे कायमचे तंत्रज्ञ मोजके आणि मोलाचे. त्यांचा वर्षाचा कोटा एका दुरुस्तीत संपवून चालत नाही. म्हणून जगभर एकच वाट निघाली : बाहेरची, थोड्या दिवसांची माणसं. अमेरिकेत अशा कामगारांना 'जंपर' म्हणत, उडी मारून आत जाणारे आणि उडी मारून बाहेर येणारे. १९७४ साली 'सायन्स' या नियतकालिकाने या तात्पुरत्या कामगारांवर लेख छापला होता. जपानमध्ये एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात फिरणाऱ्या कंत्राटी मजुरांना 'अणुप्रकल्पाचे जिप्सी' असं नाव पडलं. १९७९ साली होरिए कुनिओ या लेखकाने स्वत: असं काम करून त्यावर पुस्तक लिहिलं. भारतातही दुरुस्ती, साफसफाई, रंगकाम, वेल्डिंग अशा कामांचा मोठा भाग कंत्राटदारांमार्फत होतो.

मस्टरची किंमत

माझं गाव शिवरे, भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा हायवेवरचं. तारापूर इथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि गावात अणुशक्ती हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नसतो. पण मस्टर हा शब्द सगळ्यांना माहीत आहे.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून पिढ्यानपिढ्या माणसं मुंबईला गेली. गिरणीत, गोदीत, माथाडीत. माझे आजोबाही गिरणीत होते. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरांची योजना आली तेव्हा अर्ज करणाऱ्याकडे पुरावा मागितला गेला : गिरणीचं ओळखपत्र, हजेरीपट, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, ईएसआयचं कार्ड. त्या काळात आमच्या भागातल्या किती घरांतल्या पत्र्याच्या ट्रंका रिकाम्या केल्या गेल्या असतील, याची मोजदाद नाही. ज्याच्याकडे कागद निघाला तो गिरणी कामगार ठरला. जो बदली कामगार होता, आज या खात्यात, उद्या त्या खात्यात, त्याला आपण पंधरा वर्षं तिथे राबलो हे सिद्ध करायला धाप लागली. कापसाची धूळ मात्र दोघांच्या छातीत सारखीच गेली होती.

आज आमच्या भागातली आयटीआय झालेली मुलं फिटर, वेल्डर, रिगर म्हणून कंत्राटदाराकडे लागतात. कंत्राटदार त्यांना शटडाउनच्या कामांना नेतो. आज रिफायनरी, पुढच्या महिन्यात साखर कारखाना, मग वीज प्रकल्प. वेल्डिंगचे जोड तपासायला इरिडियम-१९२ चा किरणोत्सारी स्रोत वापरतात, त्याच्या आसपासही ही मुलं असतात. यातल्या कुणाला उद्या अणुप्रकल्पातलं काम मिळालं तर घरच्यांना आनंदच होईल, रोज चांगला मिळतो. प्रश्न वीस वर्षांनंतरचा आहे. तोपर्यंत त्याने सात कंत्राटदार बदललेले असतील.

दुखणं ओळखता का येत नाही

कोळशाच्या खाणीत छत कोसळलं तर मेलेला माणूस दिसतो. किरणोत्सर्गाच्या कमी डोसचं तसं नाही. एकदम १००० मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून जास्त मिळाले तर उलट्या, रक्तातल्या पेशी घटणं, असं सगळं काही तासांत किंवा आठवड्यांत दिसतं. ती अपघाताची गोष्ट झाली. रोजच्या कामातला डोस पेशीतल्या डीएनएला कुठेतरी इजा करतो. बहुतेक इजा पेशी दुरुस्त करते. एखादी चुकीची दुरुस्ती राहून जाते आणि वर्षानुवर्षं गप्प बसते. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, दोन-चार वर्षांतही उमटू शकतो. फुप्फुस, पोट, आतडं यांच्या गाठींना दहा वर्षं आणि त्याहून जास्त लागतात.

आणि तो कर्करोग दिसायला तंबाखूच्या, प्रदूषणाच्या किंवा नशिबाच्या कर्करोगासारखाच दिसतो. समजा १००० कामगार आहेत आणि प्रत्येकाला आयुष्यभरात १०० मिलिसिव्हर्ट डोस मिळाला. भारतात साधारण नऊपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी कर्करोग होतो, असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज आहे. म्हणजे या १००० जणांत किरणोत्सर्ग नसतानाही ११० च्या आसपास रुग्ण निघतील. आंतरराष्ट्रीय शिफारशींतला धोक्याचा आकडा लावला तर वरचे साधारण चार. ११० च्या जागी ११४.

आपल्या ओळखीतला कुणी त्या ११४ मध्ये असेल तर तो ११० पैकी आहे की वरच्या चारांपैकी, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. कंपनी म्हणेल, तू ११० मधला. कुटुंब म्हणेल, तो चारमधला. दोघांकडेही पुरावा नाही. चार जादा रुग्ण आहेत एवढंच दाखवता येतं, आणि तेही हजारो, लाखो माणसांचे डोस आणि त्यांचे मृत्यू कुणीतरी पन्नास वर्षं शेजारी शेजारी लिहून ठेवले असतील तरच.

वह्या कुणी लिहिल्या

या वह्यांची सुरुवात फार उशिरा झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या न्यू जर्सीत घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. काही वर्षांत त्यांचे जबडे सडू लागले. १९२५ साली हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने त्यांच्या शरीरात रेडियम असल्याचं दाखवलं, १९२८ साली पाच जणींच्या खटल्यात तडजोड झाली. त्या मुलींचा डोस कुणी मोजला नव्हता. त्यांची हाडंच पुरावा ठरली.

हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांचा अभ्यास १९५० पासून चालू आहे. सुमारे १,२०,००० माणसं त्यात आहेत, आणि जगातल्या बहुतेक सगळ्या डोस मर्यादांचा पाया तोच आहे. पण त्यांना डोस मिळाला एका क्षणात. कामगाराला मिळतो थेंबाथेंबाने, तीस वर्षं. थेंबाथेंबाने मिळालेला डोस कमी वाईट असतो का, यावर पुढची कित्येक दशकं वाद झाला.

त्या वादातली एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९६० च्या दशकात थॉमस मँकुसो या संशोधकाला अणुकामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास दिला. हॅनफर्डला अमेरिकेच्या बॉम्बसाठी प्लुटोनियम बनत असे, तिथले कामगार त्यात होते. मँकुसोने इंग्लंडहून ॲलिस स्टुअर्ट आणि जॉर्ज नील यांना मदतीला बोलावलं. स्टुअर्ट म्हणजे गरोदरपणी काढलेल्या एक्स-रेमुळे मुलांना कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९५० च्या दशकात दाखवून डॉक्टरांचा रोष ओढवून घेतलेली बाई. तिघांनी १९७७ साली निष्कर्ष छापला : मर्यादेच्या आतल्या डोसमध्येही धोका दिसतो आहे, आणि तो समजुतीपेक्षा जास्त आहे. तोवर मँकुसोच्या हातातून काम काढून घेतलं गेलं होतं. त्यांच्या गणितावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, त्यातले काही रास्तही होते. पण आक्षेप तपासायला लागणारा डेटा सरकारच्या कुलपात होता. ही अभ्यासाची जबाबदारी अणुखात्याकडून आरोग्य खात्याकडे जायला १९९० उजाडलं.

मग आकडे मोठे होत गेले. २००५ साली १५ देशांतल्या ४,०७,३९१ अणुकामगारांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानंतर फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या तीन देशांनी मिळून 'इनवर्क्स' नावाचा अभ्यास केला. २०२३ साली आलेल्या त्याच्या ताज्या निष्कर्षांत ३,०९,९३२ कामगार आहेत, काहींच्या नोंदी थेट १९४४ पासूनच्या. त्यातल्या १,०३,५५३ जणांचा मृत्यू झाला होता, २८,०८९ जणांचा गाठीच्या कर्करोगाने. उत्तर असं निघालं, की दर १००० मिलिग्रे डोसमागे अशा कर्करोगाने मरण्याचा धोका ५२ टक्क्यांनी वाढतो. गॅमा किरणांपुरतं एक मिलिग्रे म्हणजे एक मिलिसिव्हर्ट धरलं तरी चालेल. म्हणजे १०० मिलिसिव्हर्टला साधारण पाच टक्के. थेंबाथेंबाने मिळालेला डोस हिरोशिमाच्या मानाने फारसा सौम्य नाही, असं या अभ्यासाने सुचवलं.

घाबरून जावं असा हा आकडा नाही. यातल्या सरासरी कामगाराचा आयुष्यभराचा डोस २० मिलिग्रेच्या आसपास होता, म्हणजे त्याचा वाढीव धोका एक टक्क्याच्या घरात. धुम्रपानाने होतं ते याच्या कितीतरी पट. विरुद्ध बाजूचाही पुरावा आहे, आणि तो आपल्याच देशातला. केरळच्या करुनागपल्ली भागात किनाऱ्याच्या वाळूत थोरियम असल्याने नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त आहे. तिथल्या सुमारे ७०,००० रहिवाशांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. शास्त्रज्ञ या दोन निष्कर्षांवर अजून भांडतात, आणि त्यांनी भांडावंच. भांडायला त्यांच्याकडे वह्या आहेत.

त्या १५ देशांच्या यादीत लिथुआनिया होता, स्लोव्हाकिया होता, हंगेरी होता. भारत नव्हता. १९५६ पासून अणुभट्टी चालवणारा, स्वत:चा बॅज स्वत: बनवणारा देश.

आपली कुलपं

भारतात डोसच्या नोंदी ठेवल्या जात नाहीत, असं मुळीच नाही. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांचं राष्ट्रीय डोस रजिस्टर भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. कायमच्या कर्मचाऱ्यांची वैद्यकीय तपासणीही होते. डोस मर्यादेतच असतात आणि कर्मचाऱ्यांत कर्करोग जास्त नाही, ही अणुऊर्जा विभागाची कायमची भूमिका आहे.

या दाव्यात एक जुना सापळा आहे. संख्याशास्त्रात त्याला 'निरोगी कामगार परिणाम' म्हणतात. नोकरीवर घेताना धडधाकट माणूसच निवडला जातो, त्याला पगार बरा असतो, दवाखाना मोफत असतो. त्याची तुलना सगळ्या लोकसंख्येशी केली तर तो निरोगीच दिसणार. खरी तुलना करायची ती जास्त डोस मिळालेल्या कामगाराची कमी डोस मिळालेल्या कामगाराशी, आणि दोघांनी नोकरी सोडल्यानंतरच्या आयुष्याची. इनवर्क्सने तेच केलं. त्यासाठी कंत्राटी माणसाचा माग त्याच्या मरणापर्यंत काढावा लागतो.

आणि बाहेरच्या कुणाला तपासायचं असेल तर १९६२ चा अणुऊर्जा कायदा आडवा आला. १९९५ साली नियामक मंडळाने देशातल्या अणुकेंद्रांतल्या सुरक्षेच्या सुमारे १३० मुद्द्यांचा अहवाल तयार केला. तो कामगारांच्या डोसपुरता नव्हता, सगळ्याच सुरक्षेचा होता. अहवाल लोकांपुढे यावा म्हणून पीयूसीएल आणि मुंबई सर्वोदय मंडळ कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही, कायद्याच्या कलम १८ चा आधार घेऊन, सरकारचा गोपनीयतेचा अधिकार उचलून धरला.

भरपाईची वाटही अशीच अरुंद राहिली. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात किरणोत्सर्गाने होणारे आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदवलेले होते. पण त्या गटातल्या आजारांसाठी अट अशी, की कामगाराने त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम केलेलं असावं, आणि दुसऱ्या मालकाकडचे दिवस त्यात धरायचे नाहीत. आता वरचं गणित आठवा. प्रत्येकी दोन तास, १५ माणसं. ज्याला डोस वाटून द्यायलाच बोलावलं, त्याचे सहा महिने भरणार कधी?

वही नसेल तर

इतर देशांनी यावर काय केलं? जपानमध्ये १९७७ पासून अणुकामगारांची केंद्रीय नोंदणी आहे, आणि कामगाराच्या नावाचं डोसचं पासबुक एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे त्याच्याबरोबर जातं. ल्युकेमियाच्या भरपाईसाठी तिथे १९७६ पासून सोपा निकष आहे : कामाची जितकी वर्षं, तितके पाच मिलिसिव्हर्ट. तेवढा डोस असेल तर 'नेमकं कशामुळे' हे सिद्ध करायचा भार कामगारावर नाही. २०१८ साली फुकुशिमाच्या एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेला मृत्यू जपान सरकारने कामामुळे झाल्याचं मान्य केलं.

अमेरिकेने २००० साली अणुशस्त्र उद्योगातल्या कामगारांसाठी कायदा केला, भरपाई १,५०,००० डॉलर. त्यातली एक तरतूद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जिथे जुन्या नोंदी इतक्या खराब किंवा गायब आहेत की डोस काढताच येत नाही, तिथे कामगारांचा एक विशेष गट जाहीर होतो. त्या गटातल्या माणसाने ठरावीक दिवस काम केलं असेल आणि त्याला यादीतल्या २२ कर्करोगांपैकी एक झाला असेल, तर तो कामामुळेच झाला असं धरलं जातं. वही हरवली ती मालकाने, तर संशयाचा फायदा मजुराला.

नुसत्या पासबुकाने भागत नाही, हेही जपाननेच दाखवलं. फुकुशिमाच्या अपघातानंतर एका उपकंत्राटदाराच्या माणसाने मजुरांना डोसमापकावर शिशाचं झाकण लावायला सांगितल्याचं २०१२ साली उघड झालं. कारण साधं होतं. डोसची मर्यादा भरली की काम संपतं, आणि काम संपलं की मजुरी. ज्याचा रोज डोसवर अवलंबून आहे तो स्वत:च स्वत:चा लॉग पुसायला तयार होतो. म्हणून मर्यादा भरलेल्या माणसाला घरी न पाठवता बिनडोसच्या कामावर घ्यायची आणि मजुरी द्यायची सक्ती नोंदीइतकीच गरजेची आहे.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आपल्याला दोन टेबलं जोडायची आहेत. एक टेबल डोसचं, ते तुर्भ्याला आहे. दुसरं कर्करोगाचं. देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईतच १९६३ साली सुरू झाली, आणि ग्रामीण भागातली पहिली १९८७ साली आपल्या बार्शीला. म्हणजे दोन्ही वह्यांची परंपरा महाराष्ट्रातलीच आहे. जोडायला लागतो एक समान क्रमांक, माणसाबरोबर आयुष्यभर फिरणारा. कंपनी बदलली तरी प्रॉव्हिडंट फंडाचा यूएएन बदलत नाही, हे नोकरी करणाऱ्या तुम्हा-आम्हाला २०१४ पासून माहीत आहे. डोसचंही तसंच असायला काय हरकत आहे? कंत्राटी फिटरच्या मोबाइलवर त्याचा डोस दिसावा, काम सोडल्यावर तीस वर्षं त्याची तपासणी मोफत व्हावी, आणि नाव-गाव काढून टाकलेला एकत्रित डेटा विद्यापीठांना तपासायला मिळावा. डोसच्या नोंदी कामगार ७५ वर्षांचा होईपर्यंत, आणि काम सोडल्यावर किमान ३० वर्षं जपाव्यात, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मानकंही सांगतात. यात कुठलंही लष्करी गुपित फुटत नाही.

मी अणुविजेच्या विरोधात नाही. कोळशाने मरणाऱ्यांची संख्या मला ठाऊक आहे, आणि हे मी ज्या लॅपटॉपवर लिहिते आहे त्याला लागणारी वीज ज्या ग्रीडवरून येते, त्यात तारापूरचाही वाटा आहे. येत्या वर्षांत देशात आणखी अणुभट्ट्या उभारायच्या आहेत. त्यांच्या दुरुस्तीला माणसं लागतील, आणि ती भोर, वेल्हे, पालघर, पलामू अशाच ठिकाणांहून येतील. त्यांच्या छातीवर बॅज असेलच. तो वाचून झाल्यावर, कोरा होण्याआधी, त्यातला आकडा कुणाच्या नावावर लिहिला जातो आणि त्या माणसाला तो कधी बघायला मिळतो का, एवढं आतापासून विचारत राहायला हवं.